गेलेला मोती आणि आलेलं पिल्लू



गेल्या पंधरवड्यात कऱ्हाडच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्राचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू येईल. येऊ द्या, पण पुढे वाचा.

त्यांच्याकडे तेरा वर्षं मोती नावाचा कुत्रा होता. जातिवंत वगैरे नाही, आपला गावठी, पिवळट अंगाचा. शेवटच्या काही महिन्यांत त्याची मूत्रपिंडं निकामी होत गेली. खाणं सुटलं, उलट्या सुरू झाल्या, मागचे पाय उचलेनात. एका दुपारी पशुवैद्यांनी सांगितलं, आता फक्त हाल वाढतील, इंजेक्शन देऊन मोकळं करू या. यजमान फिरतीवर, मुलगा कॉलेजात, फोन लागेना. होकार बाईंनीच दिला. मोतीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

तीन आठवड्यांनी मुलानं दीड महिन्याचं पिल्लू आणलं. आईनं रडू नये म्हणून. घरात सगळे खूश. आणि या बाई लिहितात, "मला ते पिल्लू बघवत नाही. त्याला खायला घालते, त्याची घाण काढते, सगळं करते, पण जवळ घ्यावंसं वाटत नाही. परवा ते मोतीच्या पोत्यावर जाऊन झोपलं, तर मी त्याला हुसकून लावलं. सासूबाई म्हणतात, जनावराचं काय सुतक धरून बसलीस? मला सांगा, मी दुष्ट आहे का?"

नाही हो. दुष्ट बाई असली पत्रं लिहीत बसत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. घरात कुत्रा सगळ्यांचा असतो, पण त्याचं वेळापत्रक एकटीचं असतं. सकाळी सहाला दार उघडायचं कोणी? दूध तापवताना त्याच्या ताटलीचं कोणाच्या लक्षात असतं? पोळ्या करताना शेवटच्या उरल्यासुरल्या कणकेची जाडसर भाकरी थापते कोण? दुपारी दोन वाजता, सगळे आपापल्या कामाला गेलेले असताना, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला नाक लावून कोण पडलेलं असतं? यजमानांना मोती संध्याकाळी तासभर भेटायचा. मुलाला सुट्टीत. बाईंना तो दिवसभर होता, तेरा वर्षं. म्हणून तो गेल्यावर घरातल्या इतरांची एक सवय मोडते आणि बाईचा अख्खा दिवस मोडतो. हात आपोआप एक भाकरी जास्त थापतो. फाटकाची कडी वाजली की कान भुंकण्याची वाट पाहतात. याला वेड म्हणत नाहीत. डोकं समजून चुकलेलं असतं, हातांना समजायला वेळ लागतो, इतकंच.

सासूबाईंचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. त्यांच्या पिढीनं माणसांची जी मरणं पाहिली, त्यापुढे त्यांना कुत्र्याचं मरण लहान वाटणं साहजिक आहे. पण त्यांना एक आठवण करून द्यायला हरकत नाही. महाभारताच्या सतराव्या पर्वात, महाप्रस्थानिक पर्वात, धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायला तयार झाला नाही. पुढे तो कुत्रा म्हणजे खुद्द धर्म निघाला, हे खरं. पण धर्मराज अडून बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे फक्त एक कुत्राच होता ना? आपल्याकडे दत्ताच्या तसबिरीत कुत्रे आहेत, खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे. जनावराला घरातलं माणूस मानणं ही काही शहरातली नवी थेरं नव्हेत.

सुतक धरू नका. पण चार दिवस रडू येत असेल तर रडा, आणि न्हाणीघरात पाणी सोडून रडू नका, सगळ्यांसमोर रडा. लपवलेलं रडं लांबतं. घरात कोणी ऐकणारं नसेल तर एखादी शेजारीण शोधा जिनं स्वतः कुत्रं नाहीतर मांजर पाळलंय. तिला अर्धं वाक्य पुरेल.

आता त्या इंजेक्शनचं. पत्रातलं खरं दुखणं तिथं आहे, असं मला वाटतं. बाईंनी ते एकाच ओळीत लिहून टाकलंय, आणि ती ओळ खोडून पुन्हा लिहिलीय. "मी त्याला मारलं का?"

म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडं एकदा पूर्ण गेली की ती परत येत नाहीत. रक्तात विष साठत जातं, तोंडात फोड येतात, सतत मळमळतं, पाणी पोटात ठरत नाही. सलाइननं काही दिवस ओढता येतात, पण ते दिवस कसे असतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. शेवटचं इंजेक्शन म्हणजे भूल देणारं औषध जास्त प्रमाणात दिलेलं असतं. काही सेकंदांत शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. डोळे मात्र बहुधा उघडेच राहतात, आणि एखादा खोल श्वास, एखादा झटका नंतरही येतो. ते पाहून बायकांना वाटतं, त्याला कळत होतं, तो माझ्याकडे बघत होता. त्या वेळी त्याला काहीही कळत नसतं. ही गोष्ट डॉक्टरांनी आधी सांगायला हवी, पुष्कळजण गडबडीत सांगत नाहीत. त्याच्या आधीच्या क्षणी मोतीला जे कळलं ते एवढंच, की डोकं ओळखीच्या मांडीवर आहे. यजमानांची वाट पाहत रात्रभर त्याला तसंच ठेवलं असतं, तर ती रात्र त्यानं सोसली असती, आपण नव्हे.

आणि यजमानांनी "मला विचारलं का नाहीस" असं म्हटलं असेल, तर तेही त्यांच्या दुःखाचंच बोलणं आहे. त्यांना निरोप घ्यायला मिळाला नाही. भांडण न करता त्यांना त्या दुपारची हकिगत एकदा सावकाश, पहिल्यापासून सांगा. त्यांनी ती ऐकलेलीच नसते.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना खरं सांगा. "मोतीला मळ्यात सोडला" असं सांगितलं की मूल रोज विचारतं, कधी आणायचा, आणि पुढे कधीतरी शेजारच्या पोराकडून खरं कळतं. "झोपवलं" असंही लहान मुलाला सांगू नये. झोपायची भीती बसते. आजारी होता, बरा होणार नव्हता, मेला, आता परत यायचा नाही, असं साध्या शब्दांत सांगावं. मुलं आपल्यापेक्षा लवकर समजतात आणि लवकर खेळायलाही लागतात. त्यांचं खेळणं पाहून त्यांना माया नव्हती असं समजू नका.

अंत्यविधीचं दोन शब्दांत सांगते, कारण वेळ आल्यावर कोणाला सुचत नाही. स्वतःच्या परसात किंवा शेतात पुरायचं असेल तर खड्डा तीन फुटांपेक्षा खोल हवा आणि विहीर, कूपनलिका यांपासून दूर हवा. इंजेक्शन देऊन शेवट केला असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. ते औषध मृत शरीरात राहतं, आणि दुसऱ्या कुत्र्यांनी किंवा घारी-कावळ्यांनी उकरून खाल्लं तर त्यांनाही विष होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत पुरू नका, जुन्या सुती साडीत गुंडाळा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी नगरपालिकेत किंवा आपल्या पशुवैद्याकडे चौकशी करावी. मुंबईत महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांच्या दहनाची सोय सुरू केली. इतर शहरांतली व्यवस्था वेगवेगळी आहे.

आता पिल्लाकडे येऊ. बिचारं तीन आठवडे पत्राच्या शेवटच्या पानावर थांबलंय.

मुलाचा हेतू चांगला होता. पण खरं सांगायचं तर पिल्लू आणणं हा त्याचा निर्णय आणि पिल्लू सांभाळणं हे तुमचं काम, अशी वाटणी झाली. भेट म्हणून जिवंत जनावर आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग ती वाढदिवसाची असो की दुःखातली. ज्याच्या हातून त्याचं रोजचं होणार, त्याला आधी विचारावं. आता आणलंच आहे, तर मुलाला प्रेमानं पण ठामपणे सांगा, सकाळचं फिरणं आणि रात्रीची घाण तुझ्याकडे. तुमच्या मनातला निम्मा राग पिल्लावरचा नाहीच, तो न विचारता गळ्यात पडलेल्या कामावरचा आहे. काम वाटलं गेलं की तो राग कमी होईल.

उरलेला निम्मा राग, "हा मोती नाही" याचा. बरोबरच आहे, नाहीच तो मोती. तेरा वर्षांचा कुत्रा हा जवळजवळ संसारातला माणूस असतो. तो तुमच्या पावलांवरून ओळखायचा की आज बाईंचं डोकं दुखतंय. आणि हे पोर चपला कुरतडतं, देवघरासमोर मुततं, पायात येतं. तुलना केली तर ते प्रत्येक वेळी हरणार. पण जरा आठवून पाहा, मोती दोन महिन्यांचा असताना काय करायचा? तुम्हीच लिहिलंय पहिल्या पानावर, त्यानं दारातली रांगोळी रोज चाटून पुसली आणि नणंदेच्या लग्नाच्या याद्या फाडल्या. शहाणा मोती तुमच्या हातून घडला. तो असा आयता आला नव्हता.

म्हणून नव्या पिल्लाला मोतीचं नाव देऊ नका. घरातले "छोटा मोती" म्हणत असतील तर थांबवा. वेगळं नाव, वेगळी ताटली, वेगळी जागा. मोतीचं पोतं धुऊन, उन्हात वाळवून घडी करून ठेवा, आणि पिल्लाला दुसरं घ्या, दुसऱ्या कोपऱ्यात. पट्टाही नवा घ्या, मोठ्या कुत्र्याचा पट्टा लहान मानेला तसाही उपयोगाचा नाही. मानेत आणि पट्ट्यात दोन बोटं जातील इतका सैल हवा, आणि पिल्लू झपाट्यानं वाढतं म्हणून दर आठवड्याला तपासायचा.

इथे एक महत्त्वाची सूचना. या बाईंचा मोती म्हातारपणाच्या आजारानं गेला, त्यामुळे त्याच्या भांड्याकुंड्यांची भीती नाही. पण तुमचं आधीचं कुत्रं पार्वो या रोगानं गेलं असेल, म्हणजे रक्ताचे दुर्गंधी जुलाब आणि उलट्या होऊन, तर घाईनं दुसरं पिल्लू आणू नका. हा विषाणू घरात काही महिने आणि अंगणातल्या मातीत वर्षभरसुद्धा टिकतो. साध्या साबणानं, फिनेलनं तो मरत नाही. कपडे धुण्याचं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, असं मिश्रण करून आधी स्वच्छ धुतलेल्या फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं. पोतं, लाकडी फळी, प्लॅस्टिकची भांडी टाकून द्यावीत. आणणारच असाल तर लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणा.

दीड महिन्याचं पिल्लू म्हणजे तसं लवकरच आणलं. आईजवळ ते निदान दोन महिने असावं. भावंडांत राहून दात किती जोरात लावायचे हे ते शिकतं. म्हणूनच हे इतकं चावतं आणि रात्री इतकं रडतं. रडणं थांबवायला त्याला अंगणात बांधू नका. त्याची खोकी पहिले काही दिवस तुमच्या खाटेजवळ ठेवा, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवा. चावलं की ओरडू नका, हात काढून घ्या आणि जुन्या कापडाची गाठ तोंडात द्या. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा पुन्हा एकदा चपलांचा मोसम येईल, तयारीत राहा.

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर, या तीन वेळा उचलून ठरलेल्या जागी न्यायचं. तिथं केलं की शाबासकी. घरात केलं तर नाक घासू नका, मारू नका. त्यातून ते फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतं.

खाण्याचं बघू. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यावं. नुसत्या दुधावर ठेवू नका, गाई-म्हशीच्या दुधानं पुष्कळ पिल्लांना हगवण लागते. मऊ भात, थोडं दही, उकडलेलं अंडं, चालत असेल तर बिनहाडाचं उकडलेलं मटण किंवा कोंबडी. घरच्या आमटीत पोळी कुस्करून घालायची आपली जुनी पद्धत आहे, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात, म्हणून फोडणीची आमटी नको. द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका विसरू नका. शिजलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. आणि ताप आला म्हणून आपल्या डब्यातली गोळी तर कधीच नाही.

जंताचं औषध आणि लशी पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांची होईपर्यंत पुढचे डोस, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर आणि पुढे दरवर्षी. तारखा दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. लशी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नका. लस झालेली नसलेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, तर लहान आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका.

एवढं सगळं करताना माया आपोआप येते का? कधी येते, कधी वेळ लावते. ओढूनताणून मांडीवर घेऊ नका. ठरावीक वेळी ताटली तुमच्या हातून त्याच्यासमोर जाऊ द्या. हाक मारा, आलं की डोक्यावरून एकदा हात फिरवा आणि कामाला लागा. पिल्लाला तुमच्या मनातली तुलना कळत नाही. त्याला वास, आवाज आणि ताटलीची वेळ कळते. ते आपल्या बाजूनं केव्हाच तुमचं झालेलं असतं. तुमच्या बाजूनं महिना लागो की सहा महिने. ज्या दिवशी ते बाहेरच्या फाटकाशी ओरडेल आणि तुम्ही न ठरवता त्याचं नाव घेऊन धावाल, त्या दिवशी मोतीची आठवण येऊन पुन्हा रडू येईल, हेही आत्ताच सांगून ठेवते. घाबरू नका.

टोकियोच्या हाचिको कुत्र्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मालक प्राध्यापक १९२५ मध्ये वारले आणि तो १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. त्याचा पुतळा तर तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये, तिथं उभारला गेला. ही गोष्ट सांगताना लोक एक भाग गाळतात. हाचिको राहायला त्या प्राध्यापकांच्या जुन्या माळ्याच्या घरी होता. गाडीच्या वेळेला स्टेशनवर जायचा आणि परत माळ्याकडे यायचा. एका मनात दोन घरं मावतात. कुत्र्याच्या मावली, मग आपल्या का मावू नयेत?

मांजरवाल्या मैत्रिणी म्हणतील, सगळं कुत्र्याचंच चाललंय. मांजराची रीत वेगळी. नवं मांजर आणलं की सगळं घर एकदम दाखवू नका. एका खोलीत मातीचं घमेलं, पाणी, खाणं आणि लपायला एक खोका द्या आणि ते स्वतः बाहेर येईपर्यंत थांबा. तुम्ही नुसतं तांदूळ निवडत तिथं बसा. घरात जुनं मांजर असेल तर आठवडाभर बंद दाराआडून एकमेकांचा वास घेऊ द्या. आणि फिनेलनं लादी पुसत असाल तर बंद करा, मांजर पाय चाटतं आणि ते फिनेल त्याच्या पोटात जातं. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

शेवटी ज्या वडीलधाऱ्या भगिनी म्हणतात, "आता आमचं वय झालं, पुन्हा जीव लावायला नको," त्यांच्यासाठी. पिल्लू खरंच आणू नका, वर्षभराची धावपळ झेपणार नाही. पण गावातल्या एखाद्या प्राणिमित्र संस्थेत सहा-सात वर्षांचं, शहाणंसुरतं, कोणी न नेलेलं कुत्रं बहुधा असतं. ते चपला खात नाही, दुपारी झोपतं, संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालतं. आणण्याआधी दोन-तीनदा जाऊन त्याच्याजवळ बसून या, आणि तुम्ही परगावी गेलात किंवा आजारी पडलात तर ते कोणाकडे राहील, ते सुनेला किंवा शेजारणीला आधी विचारून ठेवा.